हॉट स्प्रिंग्ज नॅशनल पार्क : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यातील हॉट स्प्रिंग्ज नॅशनल पार्कला प्रथमच निघालेल्या माणसाच्या मनात बहुधा एक ठरलेले चित्र असते : डोंगराच्या पायथ्याशी दगडी कुंडे, त्यांवर तरंगणारी वाफ आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली माणसे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे लहानपणी पाहिलेल्या मराठी माणसाच्या मनात तर हे चित्र अधिकच पक्के असते. प्रत्यक्षात तेथे पोहोचल्यावर दिसतो तो गावाच्या मधोमध जाणारा रहदारीचा रस्ता, त्याच्या एका बाजूला दुकाने आणि दुसऱ्या बाजूला मॅग्नोलियाच्या झाडांमागे ओळीने उभ्या असलेल्या आठ जुन्या देखण्या इमारती. या पार्कात उतरून स्नान करता येईल असा उघड्यावरचा एकही झरा नाही. ही गोष्ट आधी ठाऊक नसलेले अनेक जण तासाभरात निराश होऊन परततात. ज्यांना ती ठाऊक असते, ते पूर्ण दिवस आनंदात घालवतात. म्हणून या लेखातील पायऱ्या पाण्याच्या प्रवासाप्रमाणे लावल्या आहेत : ते कोठून येते, कोठे दिसते, कोठे अंगावर घेता येते आणि कोठे बाटलीत भरता येते.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी पाणी समजून घ्यावे

हॉट स्प्रिंग्ज माउंटनच्या पश्चिम उतारावर, पायथ्याजवळच्या एका अरुंद पट्ट्यात ४७ उष्ण झरे आहेत. त्यांच्या पाण्याचे सरासरी तापमान १४३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६२ अंश सेल्सिअस असते आणि सर्व झऱ्यांतून मिळून दररोज सुमारे ७ लाख गॅलन पाणी बाहेर पडते. येथे जवळपास ज्वालामुखी नाही. आसपासच्या टेकड्यांवर पडलेले पावसाचे पाणी बिगफोर्क चर्ट आणि नोव्हाक्युलाइट या भेगाळलेल्या खडकांतून अत्यंत संथपणे खाली झिरपत जाते. जमिनीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसा खडक अधिक उष्ण होत जातो, आणि ६ ते ८ हजार फूट खोलीपर्यंत पोहोचलेले पाणी केवळ त्या खडकांच्या सहवासाने तापते. तेथे त्याला खडकांतील मोठ्या भेगांची वाट सापडते आणि त्या वाटेने ते, खाली जाण्यास लागलेल्या काळाच्या मानाने फार झटपट, पुन्हा वर येते. कार्बनच्या साहाय्याने केलेल्या कालमापनानुसार आज झऱ्यातून निघणारे पाणी सरासरी ४,४०० वर्षांपूर्वी पाऊस म्हणून पडलेले आहे. नळाखाली ओंजळ धरताना ही गोष्ट आठवली, तर त्या ओंजळीचे मोल वेगळेच वाटते, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

या माहितीचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. उष्ण झरा म्हटला की गंधकाचा उग्र वास येणारच, असे आपण गृहीत धरतो. येथील पाण्याला मात्र तसा वास नसतो आणि चवही साध्या पाण्यासारखीच असते. त्यात सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हे विरघळलेले घटक आहेत. त्यामुळे हे पाणी स्नानाइतकेच पिण्यासाठीही प्रसिद्ध झाले.

पाण्याइतकाच येथील इतिहास समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पार्क आणि गाव एकमेकांत असे का गुंतले आहेत याचा उलगडा होत नाही. २० एप्रिल १८३२ रोजी, अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना, अमेरिकेच्या काँग्रेसने या झऱ्यांभोवतीची चार चौरस मैल जमीन राखीव ठेवली. यलोस्टोन हे पहिले नॅशनल पार्क म्हणून ओळखले जाते खरे, पण ते १८७२ सालचे. नैसर्गिक ठेवा सरकारने राखून ठेवण्याचा हा निर्णय त्याच्या ४० वर्षे आधीचा आहे. मात्र कायदा झाला तरी राखीव जमिनीच्या सीमांची नीट आखणी झाली नाही. लोकांनी तेथे घरे, दुकाने आणि स्नानगृहे बांधली, मालकीचे दावे उभे राहिले आणि अखेर १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने जमीन सरकारची असल्याचा निकाल दिला. तोपर्यंत झऱ्यांच्या भोवती गाव वसून गेले होते. ४ मार्च १९२१ रोजी या राखीव क्षेत्राला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. आज पार्कचे क्षेत्र सुमारे साडेपाच हजार एकर असून त्यातला मोठा भाग गावाला वेढणाऱ्या जंगली टेकड्यांचा आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. इतर अनेक नॅशनल पार्कांत निसर्ग दुरून पाहावा अशी अपेक्षा असते, येथे मात्र पाणी लोकांच्या उपयोगी पडावे म्हणूनच जमीन राखली गेली. झऱ्यांवर आज दिसणारी हिरवी कुलूपबंद झाकणे पाहून काहींचा हिरमोड होतो. परंतु ती झाकणे पाणी दूषित होऊ नये म्हणून आहेत. त्यांच्याखालून पाणी नळांनी एकत्र करून स्नानगृहांकडे आणि पाणवठ्यांकडे नेले जाते.

दुसरी पायरी : प्रवास आणि मुक्काम

जवळचे मोठे विमानतळ लिटल रॉक येथे आहे आणि तेथून मोटारीने सुमारे एका तासात हॉट स्प्रिंग्जला पोहोचता येते. पार्कला फाटक नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू या गावातील मुख्य रस्त्यावर आलात की तुम्ही पार्कच्या दारात आलात. रस्त्यालगत गाडी लावण्याची जागा शनिवार-रविवारी मिळणे कठीण असते, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचणे किंवा मागच्या गल्लीतील बहुमजली वाहनतळाचा उपयोग करणे सोयीचे ठरते.

मुक्कामासाठी गावात हॉटेले पुष्कळ आहेत. तंबू ठोकून किंवा राहण्याची सोय असलेल्या गाडीत मुक्काम करायचा असेल, तर पार्कचेच गल्फा गॉर्ज हे तळ ओढ्याकाठी आहे. तेथील जागा आधी आरक्षित करावी. रस्त्यालगतच्या त्या आठ जुन्या इमारती म्हणजे बाथहाऊस, अर्थात सार्वजनिक स्नानगृहे. त्यांपैकी हेल बाथहाऊसमध्ये आता एक लहान हॉटेल चालते. तेथे राहणे खर्चिक आहे, पण १८९२ सालच्या वास्तूत रात्र घालवण्याची संधी सहसा मिळत नाही.

ऋतूविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा उष्ण आणि दमट असते, आणि अशा हवेत उष्ण पाण्याची ओढ कोणालाही वाटत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत टेकड्यांवरील पाने रंगतात, तर हिवाळ्यातील थंड सकाळी झऱ्यांच्या वाफा स्पष्ट दिसतात. पहिल्या भेटीसाठी यांपैकी एक काळ निवडावा.

तिसरी पायरी : आधी फोर्डाइस, मग बाकीचे

आठ इमारतींच्या ओळीला बाथहाऊस रो असे म्हणतात. उत्तरेकडून मोजत आल्यास सुपीरियर, हेल, मॉरिस, फोर्डाइस, क्वापॉ, ओझार्क, बकस्टाफ आणि लमार अशी ही ओळ आहे. १८९२ ते १९२३ या काळात बांधलेल्या या इमारती त्यांच्या आधीच्या लाकडी, वारंवार जळणाऱ्या किंवा कुजणाऱ्या स्नानगृहांच्या जागी उभ्या राहिल्या, आणि १९८७ साली या संपूर्ण ओळीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.

नवख्या माणसाने सर्वप्रथम फोर्डाइसमध्येच जावे, असा माझा आग्रह आहे. १९१५ साली सुरू झालेले हे बाथहाऊस ओळीतील सर्वांत मोठे होते. १९६२ साली ते बंद पडले आणि १९८९ पासून तेथे पार्कचे माहिती केंद्र आणि संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य आहे. खिडकीवर नकाशा घ्यावा, त्या दिवशी कोणता पाणवठा किंवा कोणती पायवाट बंद आहे हे विचारून घ्यावे आणि नंतर सर्व मजले सावकाश पाहावेत. पुरुषांच्या स्नानदालनात रंगीत काचांचे भव्य छत आहे. त्याखाली स्पॅनिश प्रवासी हर्नांडो दे सोतो याला पाणी देणाऱ्या मूळ रहिवासी स्त्रीचा पुतळा आहे. वरच्या मजल्यांवर संगीतदालन आणि व्यायामशाळा आहे. काही खोल्यांतील उपकरणे आजच्या डोळ्यांना भीतिदायक वाटतात, उदाहरणार्थ पाण्याच्या टबात सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याची सोय. तळघरात फोर्डाइस झरा काचेआड पाहता येतो. ज्या पाण्यासाठी वरचा एवढा डामडौल उभारला, ते पाणी तेथे शांतपणे वाहत असते.

संग्रहालय पाहताना दालनांचा दिमाख पाहून थांबू नये. त्या काळी डॉक्टर रुग्णांना तीन आठवडे, रोज एक याप्रमाणे २१ स्नानांचा क्रम लिहून देत. हे स्नान घालणारे, गरम टॉवेल बांधणारे, अंग चोळणारे कर्मचारी बहुतांश कृष्णवर्णीय होते आणि ज्या टबांत ते इतरांना स्नान घालत, त्या टबांत स्वतः ग्राहक म्हणून उतरण्याची मुभा त्यांना नव्हती. कृष्णवर्णीय समाजाने मॅल्व्हर्न अ‍ॅव्हेन्यूच्या परिसरात पिथियन आणि वुडमेन ऑफ युनियन यांसारखी स्वतःची स्नानगृहे उभारली, तर बाथहाऊस रोचे दरवाजे सर्वांसाठी खुले होण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. पाणी सर्वांसाठी म्हणून राखलेल्या जागेत हे घडले, आणि ते जाणून घेतल्याशिवाय पार्कची ओळख पूर्ण होत नाही.

चौथी पायरी : पाणी पाहावे आणि जपून स्पर्श करावा

फोर्डाइसमधून बाहेर पडल्यावर इमारतींच्या मागच्या बाजूस जावे. मॉरिस बाथहाऊसच्या मागे काही झरे मुद्दाम उघडे ठेवले आहेत, जेणेकरून पाणी जमिनीतून नैसर्गिकपणे कसे बाहेर येते हे लोकांना पाहता यावे. तेथून उत्तरेस, ओळीच्या टोकाला आर्लिंग्टन लॉन हे हिरवळीचे मैदान आहे आणि त्याच्या कडेला उतारावरून उष्ण पाण्याचा लहान धबधबा खालच्या कुंडात पडतो. धबधब्याच्या आसपासचा सच्छिद्र, फिकट खडक म्हणजे टुफा. पाण्यातून साचत गेलेल्या खनिजांनीच तो तयार झाला आहे. उष्णता सोसणारे निळे-हिरवे शैवालही तेथे दिसते.

येथे हात बुडवता येतो, पण पाय सोडून बसणे किंवा स्नान करणे यास परवानगी नाही. ६२ अंशांच्या आसपासचे पाणी काही क्षणांत त्वचा भाजू शकते. धबधब्यावरून खाली येईपर्यंत पाणी काहीसे निवते, तरीही प्रथम पाण्याजवळ हात धरून उष्णतेचा अंदाज घ्यावा, मग बोटाचे टोक बुडवावे. लहान मुलांचा हात सोडू नये. नाणी टाकण्याचा मोह टाळावा. नाण्यांमुळे पाणी खराब होते आणि ती काढण्याचे काम कर्मचाऱ्यांना करावे लागते.

पाचवी पायरी : स्नान कोठे आणि कसे करावे

आज बाथहाऊस रोवर प्रत्यक्ष स्नानाची सोय दोन ठिकाणी आहे आणि त्या दोहोंचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे.

बकस्टाफ १९१२ साली सुरू झाले आणि जुन्या पद्धतीचे स्नान देणारे, आजपर्यंत अखंड चाललेले ओळीतील हे एकमेव बाथहाऊस आहे. येथे तुम्ही स्वतः काही करायचे नसते. परिचारक एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्याकडे नेतो. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र मजले आहेत. प्रथम अंगावरील दागिने आणि कपडे काढून ठेवावे लागतात आणि पांढरी चादर गुंडाळण्यास दिली जाते. त्यानंतर खनिजयुक्त पाण्याच्या मोठ्या टबात सुमारे २० मिनिटे बसवले जाते. टबातील पाणी यंत्राने घुसळले जाते आणि परिचारक अंग घासून देतो. पुढे कमरेपर्यंतच्या उष्ण पाण्यात बसणे, वाफेच्या पेटीत बसणे, दुखऱ्या सांध्यांवर गरम टॉवेलांच्या पट्ट्या घेणे आणि शेवटी चहूबाजूंनी बारीक धारा सोडणाऱ्या शॉवरखाली उभे राहणे असे टप्पे असतात. वेगळे पैसे देऊन मालिशही करून घेता येते.

आपल्याकडील अनेकांना, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींना, अनोळखी परिचारकासमोर अंगावरील कपडे काढण्याचा संकोच वाटतो, आणि तो स्वाभाविक आहे. पोहण्याचा पोशाख घालून हे स्नान घेता येईल का, हे आत जाण्यापूर्वीच मोकळेपणाने विचारावे. एखादा टप्पा नको असल्यास तोही नाकारता येतो. बकस्टाफमधील स्नानासाठी आलेल्या क्रमाने आत घेण्याची प्रथा आहे. म्हणून दार उघडण्याच्या वेळेस हजर राहणे उत्तम. दुपारी गेल्यास बराच वेळ थांबावे लागू शकते.

क्वापॉ हे १९२२ सालचे, रंगीत टाइलांच्या घुमटामुळे दुरूनही ओळखू येणारे बाथहाऊस २००८ साली नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाले. येथे वेगवेगळ्या तापमानाचे सामाईक तलाव आहेत. स्त्री-पुरुष, मित्रमंडळी, पती-पत्नी पोहण्याचा पोशाख घालून एकत्र पाण्यात बसू शकतात. कुटुंबाने सोबत वेळ घालवायचा असेल तर क्वापॉ योग्य आहे. मात्र मुलांसाठी वयाची अट असते, ती आधी तपासावी. दोन्हीपैकी एकच निवडायचे असेल तर मी प्रथम जाणाऱ्यास बकस्टाफ सुचवीन, कारण उष्ण पाण्याचा तलाव इतरत्रही मिळेल, पण शंभर वर्षांपूर्वीची ती संपूर्ण पद्धत तेथल्याच भिंतींत अनुभवणे दुसरीकडे जवळजवळ अशक्य आहे. दोन्ही ठिकाणचे दर आणि सुटीचे वार बदलत असल्याने आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

स्नानापूर्वी भरपेट जेवू नये, मद्य घेऊ नये आणि पुरेसे पाणी प्यावे. हृदयविकार, कमी किंवा जास्त रक्तदाब, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असणे, किंवा गर्भावस्था असल्यास आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चक्कर आल्यासारखे वाटले तर संकोच न करता लगेच परिचारकाला सांगावे. स्नानानंतर अर्धा तास तरी विसावा घ्यावा. उष्ण पाण्यातून बाहेर पडताच डोंगर चढू लागणे धोक्याचे आहे. एक गोष्ट येथे स्पष्ट करणे मी कर्तव्य समजतो. एकेकाळी या पाण्याने संधिवातापासून उपदंशापर्यंत अनेक रोग बरे होतात अशी श्रद्धा होती, आणि वैद्यकशास्त्राजवळ फारसे उपाय नसताना रुग्ण मोठ्या आशेने येथे येत. उष्ण पाण्याने स्नायू सैल होतात आणि मनाला विसावा मिळतो हे खरे. परंतु चालू असलेली औषधे या स्नानाच्या भरवशावर थांबवू नयेत.

उरलेल्या इमारतींपैकी सुपीरियरमध्ये झऱ्याचे पाणी वापरून बिअर तयार करणारे उपाहारगृह आहे, ओझार्कमध्ये कलाप्रदर्शने भरतात आणि लमारमध्ये पार्कचे दुकान आहे.

सहावी पायरी : टेकडीवर चालणे

इमारतींच्या मागे, थोड्या उंचीवरून विटांची ग्रँड प्रॉमेनेड ही सुमारे अर्ध्या मैलाची रुंद वाट जाते. चढ सौम्य असल्याने ज्येष्ठांनाही ती झेपते, आणि झाकलेल्या झऱ्यांची हिरवी झाकणे या वाटेवरून जवळून दिसतात. तेथून वर निघणाऱ्या पायवाटेने हॉट स्प्रिंग्ज माउंटनच्या माथ्यावर जाता येते; मोटारीचा वळणावळणाचा रस्ताही आहे. माथ्यावरील २१६ फूट उंचीच्या मनोऱ्यावर जाण्यासाठी तिकीट काढावे लागते. वरून पाहिले की दोन टेकड्यांमधील अरुंद खिंडीत गाव कसे बसले आहे हे लक्षात येते. खाली दिसणाऱ्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या पोटातून हॉट स्प्रिंग्ज क्रीक हा ओढा दगडी कमानीखाली झाकलेल्या मार्गाने आजही वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो झाकून त्यावर रस्ता करण्यात आला.

अधिक चालण्याची तयारी असलेल्यांसाठी सुमारे १० मैलांची सनसेट ट्रेल आहे. उन्हाळ्यात लांब पॅन्ट घालावी, परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे तपासावे आणि तीन-तीन पानांच्या झुपक्याच्या, अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीपासून दूर राहावे. वाटेत दिसणारा पांढरट, धारदार नोव्हाक्युलाइट आकर्षक असतो. मूळ रहिवाशांनी त्यापासून भाल्याची टोके आणि हत्यारे घडवली आणि पुढे त्याचे धार लावण्याचे दगड जगभर गेले. तरीही पार्कातून एकही दगड उचलून नेणे नियमाविरुद्ध आहे.

अखेरची पायरी : पाणी भरून घेणे

दगड, फूल, पान काहीही न नेण्याचा नियम असलेल्या या पार्कात पाणी मात्र भरून न्यावे, यासाठी व्यवस्थापनच प्रोत्साहन देते. गावकरी मोठमोठे कॅन घेऊन येतात आणि रांगेत शांतपणे उभे राहतात. उष्ण पाण्याचा एक सोयीचा पाणवठा रिझर्व्ह स्ट्रीटवर, पार्कच्या प्रशासकीय इमारतीजवळ आहे. ज्यांना थंड पाणी हवे असेल त्यांच्यासाठी हॅपी हॉलो आणि व्हिटिंग्टन हे दोन थंड झरे आहेत. ते उष्ण झऱ्यांपासून थोड्या अंतरावर आहेत. पाण्याची नियमित तपासणी होते आणि तपासणीच्या किंवा दुरुस्तीच्या काळात एखादा नळ बंद असतो, तेव्हा तेथील पाटी वाचल्याशिवाय पाणी भरू नये.

उष्ण पाण्याच्या नळावर पातळ प्लास्टिकची बाटली धरू नये, कारण ती आक्रसते आणि पाणी हातावर सांडते. थंड काचेची बाटली तडकण्याचा संभव असतो. जाड प्लास्टिकचा कॅन किंवा पोलादी बाटली आणावी, मागे कोणी एकच बाटली घेऊन उभे असेल तर त्यांना आधी भरू द्यावे, आणि झाकण पाणी निवेपर्यंत सैल ठेवावे.